दिसावं, पण ऐकू जाऊ नये

"मॅडम, मुलीबरोबर एक फोटो होऊन जाऊ द्या. जीपीएसवाला. वर पाठवायला लागतो."

मुख्याध्यापकांच्या बोलण्यात वावगं काही नव्हतं. माणूसही भला. जिल्हा परिषदेच्या त्या शाळेत रिकामी खोली नाही म्हणून त्यांनी स्वतः दोन पोरं हाताशी घेऊन पोषण आहाराच्या कोठीतल्या गोण्या एका भिंतीला सरकवल्या होत्या आणि मधल्या जागेत दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून दिल्या होत्या. तांदळाचा तो कोंदट, जरासा किडका वास, त्यात तिखटमिठाच्या पुड्यांचा आणि शेजारच्या चुलीच्या धुराचा. त्या कोठीत माझी समुपदेशक मावसबहीण आणि आठवीतली एक मुलगी अर्धा-पाऊण तास बसल्या होत्या. मी बाहेर लिंबाच्या पारावर. खिडकीच्या गजांतून मला मुलीचा हात तेवढा दिसत होता. गोणीच्या शिवणीतून सुटलेला सुतळीचा धागा ती ओढत होती, बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. मधेच खिचडीवाल्या मावशी मापटं घेऊन आत गेल्या, तेव्हा हात थांबला. त्या बाहेर आल्या, तरी बराच वेळ थांबलेलाच राहिला. मग पुन्हा धागा सुरू. शेवटी दोघी बाहेर आल्या. मुलीचे डोळे कोरडे होते, पण चेहरा नुकताच पुसल्यासारखा. आणि तेवढ्यात हा फोटो.

मला टोचलं ते पुढचं. "फोटो" म्हटल्याबरोबर त्या मुलीने ओढणी नीट केली, पाठ ताठ केली आणि शाळेतली सगळी मुलं फोटोसाठी करतात तसा चेहरा केला. कुणी सांगावं लागलं नाही. बहीण म्हणाली, "सर, हिचा नको. माझा एकटीचा काढा." सर ओशाळले, पण मोबाइल खाली घेईनात. "एकटीचा चालत नाही हो मॅडम. लाभार्थी दिसायला पाहिजे." शेवटी तोडगा निघाला. सातवी-आठवीच्या सगळ्या मुलींना ओळीत उभं केलं, प्रत्येकीच्या तळहातावर लोहाची निळी गोळी ठेवली, बहीण कडेला उभी राहिली आणि अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ, गावाचं नाव यांसकट फोटो निघाला. ती मुलगी ओळीत कुठे होती, हे मी मुद्दाम पाहिलं नाही.

कोठीत ती काय बोलली ते मला अजून ठाऊक नाही. ठाऊक होण्याचं कारणही नाही.

बहिणीचं नाव इथे लिहीत नाही, तालुकाही सांगत नाही. कराराचं नूतनीकरण जवळ आलंय एवढं कारण पुरे. बीड जिल्ह्यातली, असं म्हणून थांबते. मराठवाडा विद्यापीठातून मानसशास्त्रात एम. ए. झाली, पुढे वर्षभर घरी बसून जाहिराती पाहिल्या आणि ग्रामीण रुग्णालयातल्या मैत्री क्लिनिकमध्ये समुपदेशक म्हणून लागली. २०१४ साली राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आला, दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींसाठीचा. त्यातलं हे पद. शाळेच्या हजेरीपत्रकावर तिचं नाव नाही, शिक्षण खात्याच्या लेखी ती आरोग्याची. रुग्णालयात तिला औषधाचं कपाट आणि लसीकरणाचं टेबल यांच्यामधली जागा मिळालीय, कारण सुई नाही, गोळी नाही, मग खोली कशाला, असा तिथला सरळ हिशेब. ग्रामीण भागातला शालेय मानसतज्ज्ञ म्हणजे आपल्याकडे बहुतेक ठिकाणी असाच असतो. दुसऱ्याच कुठल्या तरी खात्याचा, एकत्रित मानधनावरचा, अकरा महिन्यांच्या करारावरचा, आणि तालुक्यातल्या सगळ्या शाळांना मिळून एक. ऑगस्ट २०२५ मध्ये आरोग्य अभियानाचे कंत्राटी कर्मचारी कायम करण्याच्या मागणीसाठी संपावर गेले, तेव्हा मी तिला फोन केला होता. ती म्हणाली, "ताई, आमच्या बाजूने एक गोष्ट बरी आहे. नर्सबाई संपावर गेल्या तर लगेच कळतं. मी गेले तर जूनपर्यंत कुणाला कळणार नाही."

ती हसत होती. मला हसू आलं नाही असं नाही; आलं, आणि मग आपण कशाला हसलो असं झालं.

तिच्या स्कूटीवर मागे बसून मी ज्या दिवशी त्या शाळेत गेले, त्या दिवशीच्या कामांत समुपदेशन किती होतं, हे मी नंतर मनाशी मोजत होते. डिकीत निळ्या गोळ्यांची पाकिटं, पोस्टरं, सॅनिटरी नॅपकिनचा नमुना, दोन रजिस्टरं, एक डबा. शाळेत पोचल्यावर आधी गोळ्यांचा हिशेब: मागच्या सोमवारी किती वाटल्या, किती उरल्या, कुणाला मळमळलं. मग पाळी आणि स्वच्छता यावर मुलींना माहिती. ती देत असताना दोन शिक्षक दारातून डोकावले आणि सगळ्या मुलींनी एकदम माना खाली घातल्या. मग मुलांना व्यसनावर. बोटांना चुना लागलेली सातवीतली पोरं गुटख्याचे दुष्परिणाम पाठ म्हणून दाखवत होती. जंतनाशक दिन आला की तिला त्यात घेतात, पोलिओच्या रविवारी बूथवर बसवतात. या कामांना माझं काही म्हणणं नाही, मुलींच्या रक्तात लोह हवंच. पण महिन्याच्या अहवालात या सगळ्याला रकाने आहेत. एक मुलगी तिसऱ्या भेटीत पहिलं वाक्य बोलली, याला रकाना नाही. तिसऱ्या भेटीपर्यंत ती मुलगी 'समुपदेशन केलेले लाभार्थी'मध्ये दोनदा मोजून झालेली असते.

मी मराठवाड्यातच वाढले, मुलींच्या वसतिगृहात राहून दहावी केली. आमच्या खोलीत एक मुलगी होती, तिच्या अंगात यायचं. परीक्षेच्या आधी हमखास. केस सुटायचे, दातखीळ बसायची, आणि मग खोलीतल्या आम्हा सगळ्यांना एक विचित्र मोकळेपणा मिळायचा, कारण त्या रात्री अभ्यास करा म्हणून कुणी ओरडायचं नाही. रेक्टरबाई कांदा फोडून नाकाशी धरायच्या. एकदा तिच्यामागोमाग आणखी दोघी आडव्या झाल्या, तेव्हा बाईंनी घाबरून गावातल्या देवऋष्याला बोलावलं. खूप म्हातारा माणूस. त्याने अंगारा लावला, लिंबू उतरवलं, ते सगळं आलंच. पण मला आठवतं ते असं की तो त्यानंतर तिच्या उशाशी बसून राहिला. तंबाखू मळत तिच्या घरचं विचारत होता. आई कुठंय, बाप दुसरी घेऊन बसला ते खरं का, सुट्टीत कुणाकडं जातीस. पहाटेपर्यंत. आणि पुढच्या अमावास्येला न बोलावता परत आला.

हे मी बहिणीला सांगितलं तेव्हा मला वाटलं, ती अंधश्रद्धेवर बोलेल. तिचा राग आहेच त्यावर, असायलाही हवा. चटके दिलेली लेकरं तिने पाहिली आहेत आणि २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा तिच्या मोबाइलमध्ये कायम असतो. पण ती म्हणाली, "त्याच्याकडे रात्र होती ना ताई. आणि तो परत आला. मला एका शाळेत परत जायला तीन-तीन महिने लागतात." तिच्या आवाजात असूया होती. देवऋष्याबद्दल असूया! मानसशास्त्राच्या पदवीधर बाईला! मला ते त्या दिवशी ऐकलेल्या सगळ्या गोष्टींपेक्षा खरं वाटलं.

परत जाणं, हेच या कामातलं मुख्य काम आहे आणि नेमकं तेच तिच्या हातात नाही. आमच्या भागात तर शाळेचं वर्ष आणि मुलांचं वर्ष वेगळंच चालतं. जूनमध्ये शाळा भरते, दसरा-दिवाळी झाली की मुकादमाच्या गाड्या लागतात, आणि ज्यांनी उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतली आहे ते बिऱ्हाडासकट पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे ऊसतोडीला निघतात. वर्गातली निम्मी पोरं कधी कधी एका आठवड्यात रिकामी होतात. जी मागे राहतात ती आजीजवळ, नाहीतर हंगामी वसतिगृहात. म्हणजे गावातच, शाळा व्यवस्थापन समितीने चालवलेली दोन वेळच्या जेवणाची सोय. झोपायला बऱ्याचदा आपापल्या घरीच. जुलै-ऑगस्टमध्ये ओळख करून घेतलेलं, सप्टेंबरात जरा मोकळं झालेलं पोर ऑक्टोबरात फडावर असतं. पाडव्याच्या सुमाराला परत येतं ते उंच झालेलं, काळवंडलेलं, आणि कधी कधी मुलगी परत येते ती कपाळावर टिकलीच्या जागी कुंकू आणि गळ्यात मणी घेऊन, किंवा येतच नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा २०१९-२१ चा आकडा आहे: बीडमधल्या वीस ते चोवीस वर्षांच्या बायकांपैकी ४३.७ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं. राज्याचा आकडा २१.९. नवरा-बायको अशी दोन माणसं मिळून एक कोयता, आणि उचल कोयत्यावर मिळते. मुलगी एकटी मागे ठेवायची भीती वेगळी. हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. पण 'अभ्यासात लक्ष लागत नाही' म्हणून शिक्षकांनी समुपदेशकाकडे पाठवलेली आठवीतली मुलगी नेमकी काय घेऊन समोर बसते, याची कल्पना हा आकडा वाचल्यावर जरा येते.

आणि ती बोललीच, तर? २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम २३ सांगतं की जे ऐकलं ते गोपनीय ठेवा. पॉक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याचं कलम १९ सांगतं की लैंगिक अत्याचाराबद्दल कळलं तर पोलिसांना कळवलंच पाहिजे. न कळवणं हा गुन्हा. दोन्ही कायदे आपापल्या जागी बरोबर आहेत. बहीण पहिल्याच भेटीत मुलांना साध्या शब्दांत सांगते, की तू सांगितलेलं मी कुणाला सांगणार नाही, पण तुला कुणी इजा करत असेल तर मात्र मला सांगावं लागेल. काही मुली तेवढ्यावरच गप्प होतात, आणि त्यांचं गप्प होणंही तिला वाचावं लागतं. शहरातल्या समुपदेशकालाही हे करावं लागतं. फरक एवढाच की शहरातला समुपदेशक संध्याकाळी आपल्या घरी जातो, ही त्याच तालुक्यात राहते. बालविवाहाची खबर ग्रामसेवकाला द्यायची, कारण गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तोच. तो बसतो पंचायतीत. मांडव ज्याच्या दारात पडणार तो सदस्यही तिथेच बसतो. एकदा अशी खबर दिल्यावर दोन दिवसांनी मुलीचे चुलते रुग्णालयात आले. भांडायला नाही. तिच्या टेबलासमोर बसले, बाहेरून चहा मागवला, म्हणाले, "घ्या मॅडम. आमच्याकडून होतं तुमचं जाणंयेणं. सांजच्याला एकट्याच असता गाडीवर, जपून येत जावा." तिने चहा प्यायला. त्या आठवड्यातल्या तिच्या अहवालात ही भेट नाही. लिहायची तरी कुठे?

शिक्षकांवर राग धरणं सोपं आहे. मी धरत नाही. त्यांनाही खिचडीचा फोटो, वृक्षारोपणाचा फोटो, हात धुण्याचा फोटो पाठवायचा असतो. एका सरांनी मला सांगितलं, "आम्ही मुलांशी बोलायचो पूर्वी. आता बोलायला बसलं की मोबाइलवर कुठली तरी लिंक येते." त्या सरांच्या वर्गात एक मुलगा आहे, तोंडी गणितं झटझट करतो आणि वाचायला दिलं की घामाघूम होतो. सरांना शंका आहे, बहिणीलाही आहे. पण अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र ती देऊ शकत नाही. चाचण्या घ्यायला पात्र चिकित्सा मानसतज्ज्ञ लागतो, आणि त्यासाठी जिल्हा रुग्णालय नाहीतर अंबाजोगाईचं वैद्यकीय महाविद्यालय. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारांत ही अक्षमताही आली, हा मोठाच बदल. त्या मुलाची आई सोयाबीन काढायला जाते. अंबाजोगाईला जायचं म्हणजे दोघांचं एसटीचं भाडं आणि एका दिवसाची मजुरी, आणि तपासणी एका दिवसात उरकत नाही. तिने विचारलं, "कागद मिळाल्यावर वाचायला येईल का त्याला?" बहीण खोटं बोलली नाही. मग ती बाई गेली नाही, आणि मलाही तिला दोष देता येईना.

मधे एक बातमी आली तेव्हा आम्ही दोघी फोनवर खूप बोललो. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, विशाखापट्टणमला वसतिगृहात राहून नीटची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात, देशभरासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसतज्ज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावं. मला आधी आनंद झाला. निदान कुणीतरी लिहिलं तरी. बहीण म्हणाली, "आमच्याकडे शंभर पटाच्या किती शाळा आहेत, सांग." राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळाच चौदा-पंधरा हजारांच्या घरात आहेत. म्हणजे खेड्यातल्या बहुतेक शाळांच्या वाट्याला 'जोडून घेणं' येणार, आणि जोडायचं कुणाशी, तर रुग्णालयातल्या तिच्याशी. आणि जिथे पट शंभरच्या वर आहे तिथे काय होईल याचाही अंदाज तिने तिथल्या तिथे सांगितला: विज्ञानाच्या नाहीतर क्रीडाच्या शिक्षकाला दोन दिवसांचं प्रशिक्षण, एक प्रमाणपत्र आणि अतिरिक्त कार्यभार. ती चुकीची ठरावी अशी माझी फार इच्छा आहे. विशेष शिक्षकांच्या, म्हणजे दिव्यांग मुलांना शिकवणाऱ्यांच्या, बाबतीत शासनाने २०२४ मध्ये ४,८६० पदं मंजूर केली, प्रत्येक केंद्राला एक. तसं काही इथेही होऊ शकेल. दहा-बारा शाळांच्या केंद्राला एक माणूस. तो महिन्याला एका शाळेत दोनदा जाऊ शकतो. मुलांना त्याचा वार माहीत असू शकतो. 'गुरुवारी मॅडम येतात' हे एक वाक्य एखाद्या पोराला बुधवार काढायला मदत करतं. पदाच्या जाहिरातीत ही गोष्ट कुणी लिहिणार नाही, म्हणून मी इथे लिहितेय.

खोलीबद्दल बहिणीचं म्हणणं मला फार नेमकं वाटलं. तिला बंद खोली नकोच आहे. लहान मुलाबरोबर आतून कडी लावून बसू नये, हा तिचाच नियम. बाहेरच्याला दोघं दिसली पाहिजेत, पण ऐकू जाता कामा नये. शाळेत अशी जागा शोधणं ही एक कलाच तिने कमावली आहे. पंपाची खोली, बांधून अर्धी राहिलेल्या वर्गाचा जोता, मंदिराचा मागचा ओटा, मैदानाच्या टोकाची बाभूळ. बाभळीखाली मुलं छान बोलतात म्हणे, कारण तिथे समोरासमोर बसावं लागत नाही, दोघांनीही शाळेकडे तोंड करून बसता येतं. पावसाळ्यात मात्र कोठी.

रात्री जेवणं झाल्यावर मी तिला विचारलं, तू हे सगळं ऐकतेस, तुझं कोण ऐकतं? शहरात या क्षेत्रातल्या लोकांना वरिष्ठांबरोबर बसून आपल्या केसेस मांडायची सोय असते. ती कामाचा भाग समजतात. तिचे वरिष्ठ म्हणजे वैद्यकीय अधीक्षक. ते शस्त्रक्रिया करतात, सर्पदंश बघतात, शवविच्छेदनही करतात. त्यांच्याकडे कोणत्या तोंडाने जायचं? मुलांना ती १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा, नंबर वहीच्या मागच्या पानावर लिहून देते. "मी पण लावला होता एकदा," ती भांडी विसळताना म्हणाली, पाठ माझ्याकडे करून. आता शेजारपाजारच्या तालुक्यांतल्या तिच्यासारख्या काहीजणी मिळून रविवारी रात्री कॉन्फरन्स कॉल करतात. नावगाव न सांगता एकीने एक केस मांडायची, बाकीच्यांनी आधी पाच मिनिटं नुसतं ऐकायचं, सल्ला शेवटी. हे कुणी सुरू करून दिलेलं नाही. रेंज गेली की कॉल तुटतो आणि पुन्हा जोडतात. मी होते त्या रविवारी ती कोपऱ्यात शाल पांघरून बसली होती आणि दोन तास तिच्या तोंडून 'हं'शिवाय काही निघालं नाही. मावशी मला हळूच म्हणाली, "असंच करती ही. नुस्तं हं हं. फुकटचं."

त्याच भेटीत मी तिला एका सरळसेवा भरतीचा फॉर्म भरायला लावला. हजार रुपये फी मी माझ्या मोबाइलवरून भरली. कायम नोकरी, पेन्शन योजना, बाळंतपणाची भरपगारी रजा, मावशीच्या डोक्यावरचं ओझं कमी. पावती आली तेव्हा मला मनापासून बरं वाटलं, आणि ते बरं वाटणं मला आवडलं नाही. कारण तिला ते पद मिळालं की मी पेढे वाटणार आहे, आणि त्या तालुक्यातल्या शाळांमध्ये पुढची जाहिरात निघेपर्यंत कुणी जाणार नाही.

तिची वही मी तेव्हा पाहिली, म्हणजे बाहेरून पाहिली. शाळेची असते तसली, पुठ्ठ्याची. सरकारी रजिस्टरात नाव, वय, वर्ग आणि 'समुपदेशन केले' एवढं. ते कुणीही उघडून बघू शकतं. खरं सगळं या वहीत. मुलांची नावं नाहीत, झाडांची आहेत: करंज, आपटा, हिवर, बोर. कोण म्हणजे कोण, हे फक्त तिला माहीत. मी विचारलं, उद्या तू गेलीस तर नव्या माणसाला ही देणार का? दिली तर मुलांचा शब्द मोडतो. नाही दिली तर हिवराला पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगावं लागणार, आणि दुसऱ्यांदा ती सांगेलच असं नाही. यावर काही नियम आहे का, असंही विचारलं. तिने जाहिरातीपासून करारापर्यंतचे सगळे कागद वाचलेत. त्यात वस्तू जमा करण्याची यादी आहे: खुर्ची, वजनकाटा, रजिस्टरं, शिक्का.

"मग?"

"विचारणार आहे," ती म्हणाली. "एकेकीला. भरतीच्या परीक्षेच्या आधी जमेल तेवढ्या शाळा करते. जी दे म्हणेल तिचं पान देईन, जी नको म्हणेल तिचं फाडून तिच्या हातात." मग जरा थांबून म्हणाली, "ऊसतोडीला गेलेल्यांचं मात्र पाडव्यानंतरच होईल. परीक्षा त्याच्या आत नको लागायला."